मशीनवरचे भरतकाम आणि डिजिटायझिंग: हातातल्या सुईपासून तान्ह्या पोळ्याच्या झुलीपर्यंत

मशीनवरचे भरतकाम छंद म्हणून शिकू इच्छिणारी बहुतेक मंडळी आधी मशीन घेतात, मग सॉफ्टवेअर मिळवतात आणि टाक्यांचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. संगणकाच्या पडद्यावर काढलेले वर्तुळ कापडावरही वर्तुळच उमटेल याची खात्री नसते, कारण टाका पडताना दोरा ताणलेला असतो आणि ताण सुटला की तो आखडताना कापडालाही आपल्याबरोबर आत ओढतो. कापडावर पडलेल्या चुण्या, दोन रंगांमध्ये राहिलेली फट, एकमेकांपासून सुटलेली अक्षरे, या साऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या एका ओढीत सापडते. चित्राचे मशीनला वाचता येणाऱ्या टाक्यांच्या फाइलीत रूपांतर करणे, याला डिजिटायझिंग म्हणतात. ते शिकणे म्हणजे मुख्यतः ही ओढ आधीच ओळखून चित्रात तिची तजवीज करणे होय, आणि ती ओळख सर्वांत चांगली होते ती हाताने टाके घालताना.

म्हणून या मार्गदर्शनात आधी हाताचे काम, मग घरातले साधे शिलाई मशीन, त्यानंतर संगणकीय भरतकाम मशीन आणि शेवटी डिजिटायझिंग असा क्रम ठेवला आहे. शिकताना समोर एखादी खरीखुरी वस्तू असली की सराव टिकतो. नागपूरकरांसाठी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलाची झूल ही त्या दृष्टीने उत्तम निवड आहे. ती आकाराने लहान असते, तिला काठ लागतो, मधोमध एखादे चिन्ह किंवा फूल शोभते आणि मुलाचे किंवा मुलीचे नाव घालता येते, म्हणजे शिकायला हवे असलेले सारे प्रकार एका वस्तूत येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्याच दिवशी, मुले आपापले बैल घेऊन बाहेर पडतात. उन्हाळ्यात सुरुवात केली तर तोपर्यंत घाई न करता झूल तयार होऊ शकते.

हाताचे काम

केसमेंट किंवा पॉपलिनसारखे पांढरे सुती कापड, लाकडी रिंग, भरतकामाची सुई आणि सहा पदरी सुती दोऱ्याच्या दोन-तीन लड्या एवढे साहित्य पुरते. लडीतले सहाही पदर एकदम न वापरता दोन पदर वेगळे काढून घ्यावेत. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काजटाका आणि भरीव टाका हे पाच टाके हाताला बसले की पुढच्या कामाचा पाया झाला. घरात आई, आजी किंवा मावशी भरतकाम करणारी असेल, तर हा भाग तिच्याजवळ बसूनच शिकावा. दोरा किती ओढावा हे सांगून कळत नाही, शेजारी बसून पाहिल्यावर कळते.

एक प्रयोग मात्र मुद्दाम करावा. चार सेंटिमीटर लांबीची दोन सारखी पाने कापडावर काढावीत. एक पान रिंगेत कापड नीट ताणून भरीव टाक्याने भरावे आणि दुसरे रिंगेशिवाय, कापड नुसते हातात धरून भरावे. दुसऱ्या पानाभोवती चुण्या पडतील आणि ते टाक्याच्या दिशेने आकसलेले दिसेल. आता पहिल्या पानाचे कापड रिंगेतून काढून पट्टीने मोजावे. तेही आखलेल्या रेघेपेक्षा किंचित अरुंद भरते. आपण पुढे संगणकात जे आकडे भरणार आहोत, ते या अरुंदपणाचे आकडे आहेत. त्याच पानावर आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी: कापड खिडकीजवळ नेऊन फिरवले की टाक्याच्या दिशेप्रमाणे चमक बदलते. एकाच रंगाच्या दोन पाकळ्या वेगळ्या दाखवायच्या असतील तर रंग बदलण्याची गरज नसते, टाक्याचा कोन बदलला तरी पुरते.

साध्या शिलाई मशीनवर

संगणकीय मशीन घेण्याआधी घरातल्या काळ्या पायमशीनवर किंवा विजेच्या साध्या मशीनवर सराव करावा, त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. मशीनचा दाब देणारा फूट काढून टाकावा, किंवा रफूसाठी मिळणारा स्प्रिंगचा फूट लावावा. नवशिक्याने दुसरा पर्याय घ्यावा, कारण त्यात बोट सुईखाली जाण्याचा धोका कमी असतो. कापड पुढे सरकवणारे दाते खाली घेण्याची सोय असेल तर ते खाली घ्यावेत, नसेल तर दात्यांवर झाकणपट्टी बसवून टाक्याची लांबी शून्यावर आणावी. आता कापड सरकवण्याचे काम आपल्या दोन हातांचे होते.

हाताच्या रिंगेत कापड वरच्या बाजूला ताणलेले असते. मशीनसाठी ती रिंग उलटी लावावी, म्हणजे कापड तळाशी येऊन मशीनच्या पत्र्याला टेकते. फूट काढलेला असला तरी फूट खाली घेण्याचा दांडा खाली केल्याशिवाय शिवू नये. तो वर राहिला तर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचे जाळे तयार होते. नवशिके मशीनला दोष देतात त्या प्रसंगांपैकी बरेचसे याच विसरण्याचे असतात. पाय किंवा मोटर एका गतीने चालावी आणि हात तिच्या मानाने हळू फिरावा, असा मेळ जमला की टाके एकसारखे पडू लागतात. आधी सरळ रेघा, मग नागमोडी, मग आपले नाव असा सराव करावा. अक्षर रेखीव आले नाही तरी चालेल; सुई एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यावर कापडाचे आणि दोऱ्याचे काय होते, एवढे येथे शिकायचे असते.

भरतकाम मशीन, दोरा, सुई आणि बॅकिंग

घरगुती संगणकीय मशीनमध्ये एक सुई असते आणि रंग बदलताना रीळ आपणच बदलतो. घेताना सर्वांत आधी भरतकामाचे क्षेत्र पाहावे. १०० × १०० मि.मी. ची, कापड धरून ठेवणारी फ्रेम नावे, लहान फुले आणि आपली झूल यांना पुरेशी आहे. ब्लाउजची पाठ किंवा कुर्त्याचा गळा करायचा असेल तर १३० × १८० मि.मी. किंवा त्याहून मोठी फ्रेम हवी. दुसरे म्हणजे मशीन कोणती फाइल वाचते हे विचारून घ्यावे. ब्रदरची मशीने पीईएस, जानोमची जेईएफ वाचतात. कारखान्यांतल्या मोठ्या मशीनवर ताजिमाची डीएसटी फाइल सर्रास चालते, मात्र तिच्यात दोऱ्याचे खरे रंग साठवलेले नसतात, फक्त रंग कुठे बदलायचा एवढे असते. तिसरे म्हणजे दुरुस्ती आणि सुटे भाग नागपुरातच मिळतात का, याची खात्री खरेदीपूर्वीच करून घ्यावी.

दोरा ४० नंबरचा घ्यावा. तो पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोस रेयॉनचा मिळतो. रेयॉनची चमक मऊ आणि देखणी असते, पण ओला झाल्यावर तो कमजोर होतो आणि ब्लीचने बिघडतो. वारंवार धुण्याच्या, विशेषतः मुलांच्या कपड्यांसाठी पॉलिएस्टरच घ्यावा. बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या फिरकीत, वरच्यापेक्षा बारीक, साधारण ६० नंबरचा दोरा असतो. ४० नंबरच्या दोऱ्याला ७५/११ ची भरतकामाची सुई जुळते. तिचे नेढे मोठे असल्याने दोरा घासून तुटत नाही. सुमारे आठ तास प्रत्यक्ष शिवण झाली की सुई बदलावी, आणि दोरा विनाकारण तुटू लागला तर त्याआधीच बदलावी. जरीच्या दोऱ्यासाठी ९०/१४ ची सुई आणि मंद गती हवी. एरवीही नवशिक्याने मिनिटाला ४०० ते ६०० टाक्यांच्या पुढे जाऊ नये.

कापडाखाली लावायचा बॅकिंग पेपर हा अनेकांना टाळण्याजोगा खर्च वाटतो, आणि त्यांचे काम तिथेच बिघडते. न ताणणाऱ्या विणीच्या सुती कापडाला फाडून काढायचा पेपर चालतो. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या होजिअरी कापडाला कापून काढायचा पेपरच हवा, कारण तो टाक्यांमागे कायम राहून त्यांना धरून ठेवतो. टॉवेल किंवा मखमल असेल तर वरूनही पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवावी, म्हणजे टाके लवीत बुडत नाहीत. गांधीबाग-इतवारीच्या बाजारात कापड आणि दोरे घेताना बॅकिंगही हाताळून घ्यावे. दोन्ही हातांनी ओढून ते कोणत्या दिशेने सहज फाटते ते पाहावे, आणि ज्या कापडावर काम करायचे त्याचा तुकडा बरोबर न्यावा.

फ्रेमला कापड लावणे हे वेगळे शिकण्याचे कौशल्य आहे. स्क्रू सैल करून कापड आणि बॅकिंग दोन्ही एकत्र ठेवावेत, आतली फ्रेम दाबावी आणि मग स्क्रू कसावा. कापड सपाट आणि घट्ट हवे, पण ताणलेले नको. त्याचा उभा-आडवा धागा फ्रेमच्या कडांना समांतर राहिला पाहिजे. फ्रेम बसवल्यावर कोपऱ्यांतून कापड ओढून घट्ट करण्याची सवय वाईट असते. तसे केल्याने कापड उरेब दिशेने ताणले जाते, त्या अवस्थेतच त्यावर टाके पडतात आणि फ्रेममधून काढताच ते मूळ जागी परतताना भरतकामाभोवती चुण्या उभ्या राहतात. इस्त्रीने त्या चुण्या जात नाहीत.

दोऱ्याचा ताण तपासण्यासाठी सुमारे पाच मिलिमीटर रुंदीची सॅटिनची, म्हणजे शेजारी-शेजारी दाट टाक्यांची, पट्टी शिवावी आणि कापड उलटे करून पाहावे. मागच्या बाजूला मधोमध साधारण एक तृतीयांश रुंदीत बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा दोरा दिसला, तर ताण योग्य आहे. बॉबिनचा दोरा वर डोकावत असेल तर वरचा ताण कमी करावा. मागे तो दिसतच नसेल तर वाढवावा.

नागपूरच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात कूलर थेट मशीनवर सोडला तर फ्रेमबाहेरचे कापड फडफडते आणि विरघळणारी फिल्म दमट होऊन चिकटते. पावसाळ्यातही ती फिल्म हवाबंद पिशवीतच ठेवावी. कोरड्या उन्हाळ्यात ती कडक होऊन तडकते, म्हणून बारा महिने पिशवी हाच नियम बरा. रिळे खिडकीतल्या उन्हात मांडू नयेत. वीज गेली तर घाबरून कापड फ्रेममधून काढू नये. फ्रेम जशीच्या तशी राहिली तर बहुतेक मशीनवर टाक्यांच्या क्रमांकाने पुढे जाऊन, तुटलेल्या जागेच्या थोडे अलीकडून काम पुन्हा सुरू करता येते. एकदा कापड निघाले की तीच जागा पुन्हा सापडणे अवघड असते. बॉबिनच्या घरातला कचरा ब्रशने काढावा. तो तोंडाने फुंकू नये, त्याने ओलावा आत जातो.

डिजिटायझिंग: एका वर्तुळापासून

बाजारात या कामाला पंचिंगही म्हणतात. शिकण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. इंकस्केप या मोफत चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारे इंकस्टिच हेही मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि त्यातून डीएसटी, पीईएस, जेईएफ या तिन्ही प्रकारच्या फाइली निघतात. छायाचित्र दिले की आपोआप भरतकाम करून देणारी सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते. शिकणाऱ्याने निदान सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये. ती चित्रातला रंग पाहते, कापड कोणते आहे हे तिला ठाऊक नसते.

टाक्यांचे मुख्य प्रकार तीनच. रनिंग म्हणजे धावदोरा. बारीक रेघा आणि एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणारी वाट त्याने होते. सॅटिन म्हणजे हाताचा भरीव टाका. तो साधारण १ ते ७ मि.मी. रुंदीपर्यंतच वापरावा, कारण त्याहून रुंद टाके सैल राहून अडकतात आणि १ मि.मी. पेक्षा अरुंद ठिकाणी सुईची छिद्रे एकमेकांत मिसळतात. त्याहून मोठी जागा फिलने भरतात. त्यात लहान टाक्यांच्या ओळी विटांच्या रचनेप्रमाणे एकाआड एक सरकवलेल्या असतात. सॅटिनमध्ये एका बाजूच्या दोन छिद्रांमधले अंतर ०.४ मि.मी. ठेवून सुरुवात करावी. फिलच्या ओळींमधले अंतर मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या रीतीने मोजते, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्यात भरू नये, इंकस्टिचमध्ये ०.२५ मि.मी. हा चांगला आरंभ आहे.

पहिला पाठ म्हणून ४० मि.मी. व्यासाचे वर्तुळ काढावे, ते आडव्या टाक्यांच्या फिलने भरावे आणि त्याच्या कडेने दोन मिलिमीटर रुंदीची सॅटिनची बाह्यरेषा द्यावी. अंडरले, म्हणजे मुख्य टाक्यांखाली आधी शिवला जाणारा थर, बंद ठेवावा. हे बॅकिंग लावलेल्या केसमेंटवर शिवून पाहावे. वर्तुळ आडव्या दिशेने आकसते, उभ्या दिशेने किंचित लांबते, आणि बाह्यरेषा व भराव यांच्यामध्ये डाव्या-उजव्या बाजूला कापड दिसू लागते. टाके ज्या दिशेने धावतात त्या दिशेने आकार आत ओढला जातो आणि ओळी ज्या दिशेने रचल्या जातात त्या दिशेने तो बाहेर ढकलला जातो. हाताच्या पानात पाहिलेलीच ही गोष्ट येथे पट्टीने मोजता येते.

आता तेच वर्तुळ सुधारावे. प्रथम अंडरले चालू करावा. वरच्या टाक्यांना काटकोनात, विरळ ओळींचा हा थर कापडाला बॅकिंगशी आधीच जखडतो आणि वरच्या थराला बसायला आधार देतो. एवढ्यानेच फट बरीच कमी होते. उरलेल्या ओढीसाठी भरपाई द्यावी लागते, तिला पुल कॉम्पेन्सेशन म्हणतात. सॅटिनमध्ये प्रत्येक कडेला ०.२ ते ०.४ मि.मी. वाढवून पाहावे. इंकस्टिचमध्ये फिल सर्व बाजूंनी फुगवण्यासाठी ‘एक्स्पांड’ ही सोय आहे. पण आपली अडचण फक्त आडव्या दिशेची आहे, म्हणून मी येथे वर्तुळच किंचित आडवे, लंबगोल काढणे पसंत करते. पडद्यावर ते चुकीचे दिसते आणि कापडावर गोल उमटते. मग तेच वर्तुळ पातळ मलमलीवर आणि ड्रिल या जाड कापडावरही शिवून पाहावे. तिन्हींची भरपाई वेगळी येते. प्रत्येक नमुन्याच्या कडेला कापड, बॅकिंग, सुई आणि भरलेले आकडे पेनाने लिहून तो तुकडा वहीत चिकटवावा. पुढे वर्षानुवर्षे हीच वही उघडली जाते.

करवतीचा काठ आणि देवनागरी नाव

झुलीच्या काठासाठी करवत काठी साडीचा दातेरी काठ घ्यावा. विदर्भातल्या टसरच्या या साडीवर तो काठ मुळात मागावर तीन धोट्यांनी विणला जातो. आपण त्याचा आकार तेवढा भरतकामात आणणार आहोत. सहा मिलिमीटर पाया आणि आठ मिलिमीटर उंची असलेले त्रिकोण ओळीने मांडावेत आणि प्रत्येक आडव्या टाक्यांच्या सॅटिनने भरावा. टोकाशी रुंदी शून्याकडे जाते, तिथे सुई जवळजवळ एकाच छिद्रात पुन्हा पुन्हा शिरते, गाठ बसते आणि दोरा तुटतो. म्हणून टोक अणकुचीदार न ठेवता एक मिलिमीटर रुंदीवर बोथट कापावे. हे बोथटपण कापडावर डोळ्यांना जाणवत नाही. एका त्रिकोणातून दुसऱ्याकडे जाताना दोरा हवेतून नेऊ नये. पायाच्या रेघेवरून धावदोऱ्याने जावे आणि सारे त्रिकोण झाले की त्या पायावर तीन मिलिमीटर रुंदीची सॅटिनची पट्टी शिवावी. वाट पट्टीखाली झाकली जाते आणि मागाहून दोरे कापत बसावे लागत नाही.

हीच युक्ती देवनागरी अक्षरांना इतकी चपखल बसते की नावे भरण्यात आपल्या लिपीला एक उपजत सोय आहे असे म्हणावे लागते. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षरानंतर दोरा तोडावा लागतो किंवा मध्ये लोंबता ठेवावा लागतो. देवनागरीत शिरोरेषा आहे. डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर भरत जावे, अक्षरांमधला प्रवास शिरोरेषेच्या जागेवरून धावदोऱ्याने करावा आणि सर्वांत शेवटी उजवीकडून डावीकडे परतताना सॅटिनची शिरोरेषा घालावी. सगळा प्रवास तिच्याखाली जातो आणि एका शब्दात दोरा एकदाच तोडावा लागतो. याला अपवाद अनुस्वार आणि चंद्रबिंदू यांचा. ते सुटेच राहतात.

उदाहरणादाखल ‘शर्वरी’ हे नाव घेऊ. काही भरतकाम सॉफ्टवेअरना देवनागरीची जोडणी येत नाही. रफार आणि वेलांट्या भलत्याच जागी पडतात. म्हणून नाव इंकस्केपमध्ये लिहून त्याचे रेखाचित्रात रूपांतर करावे आणि त्यावरून सॅटिनच्या पट्ट्या हाताने आखाव्यात. अक्षराची जाडी सर्वत्र साधारण सारखी असलेला फाँट निवडावा. मोफत मिळणाऱ्या ‘बलू’ किंवा ‘मुक्ता’चे ठळक रूप चांगले चालते. बोरूच्या वळणाची, कुठे जाड कुठे बारीक अशी अक्षरे सुंदर असली तरी त्यांचे बारीक भाग दोऱ्यात हरवतात. शिरोरेषेखाली अक्षराची उंची निदान १२ मि.मी. आणि दंडाची, म्हणजे अक्षरातल्या उभ्या रेघेची, जाडी दीड ते दोन मि.मी. असावी.

आता ‘श’ची गाठ पाहावी. तिच्या आतली मोकळी जागा पडद्यावर दीड मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंची भरपाई आणि दोऱ्याची जाडी मिळून ती बुजून जाते. ती आधीच मोठी करावी, अक्षर थोडे बेढब वाटले तरी चालेल. ‘व’चे पोटही तसेच किंचित फुगवावे. ‘व’वरचा रफार आणि ‘री’ची वेलांटी यांची खालची टोके शिरोरेषेच्या जाडीत शिरलेली असावीत आणि ती शिरोरेषेच्या आधी शिवावीत. सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे दंड आणि शिरोरेषा यांचा सांधा. शिरोरेषेचे टाके उभे असतात, त्यामुळे ती उभ्या दिशेने आकसते आणि तिची खालची कड वर सरकते. दंड नेमका त्या कडेशी संपवला असेल तर तिथे केसभर फट पडते आणि अक्षर शिरोरेषेपासून सुटलेले दिसते. दंड शिरोरेषेच्या निम्म्या जाडीपर्यंत आत नेला की ही फट पडत नाही. दोन मिलिमीटरच्या पट्टीला अंडरले म्हणून मधून एक धावदोरा पुरतो. अरुंद पट्टीत जास्त अंडरले घातला तर तो कडांतून बाहेर डोकावतो.

तयार विकत किंवा मोफत मिळणारी डिझाइने वापरण्यात गैर काही नाही, फक्त ती मशीनवर फार लहान-मोठी करू नयेत. टाक्यांची संख्या तीच राहून आकार बदलला तर दाटी किंवा विरळपणा येतो; दहा टक्क्यांच्या आत राहावे. दुसऱ्याच्या डिझाइनवरून वस्तू करून विकायची असेल तर त्याची परवानगी आधी पाहावी.

झूल

बैलाच्या पाठीवर कागद टाकून मानेपासून शेपटीपर्यंतची लांबी आणि दोन्ही बाजूंना किती खाली यायचे ते मोजावे, आणि कागदाची झूल कापून बसते का ते पाहावे. पहिली झूल गडद लाल किंवा हिरव्या केसमेंटची करावी. मखमल दिसते छान, पण फ्रेमचे वळ तिच्यावर कायमचे उमटतात. तिच्यासाठी फ्रेममध्ये फक्त बॅकिंग लावून मखमल वरून टाक्यांनी जोडण्याची पद्धत शिकावी लागते, ती नंतरची गोष्ट आहे.

कापड आधी कापू नये. मोठ्या तुकड्यावर झुलीची बाहेरची रेघ आणि मधली कण्याची रेघ आखावी, भरतकाम पूर्ण करावे आणि मगच कापावे. झूल दोन्ही बाजूंना लोंबते, म्हणून नावाची शिरोरेषा दोन्हीकडे कण्याकडे यायला हवी. सपाट कापडावर दुसऱ्या बाजूचे नाव उलटे, म्हणजे १८० अंशांत फिरवलेले दिसले पाहिजे. ते आरशातल्यासारखे फिरवले तर अक्षरे उलटी उमटतील. आखणीसाठी पाण्याने जाणारा पेन वापरला असेल तर खुणा पुसण्यापूर्वी इस्त्री फिरवू नये, उष्णतेने त्या पक्क्या बसतात. अर्थात गडद कापडावर खडूची रेघच अधिक स्पष्ट दिसते.

फाइल पेन ड्राइव्हवर घेताना तिचे नाव रोमन अक्षरांत आणि छोटे ठेवावे. प्रत्यक्ष झुलीवर शिवण्यापूर्वी त्याच कापडाच्या तुकड्यावर, त्याच दोऱ्याने एकदा नमुना शिवून पाहावा. वहीतले आकडे पांढऱ्या केसमेंटचे असतील तर रंगवलेले केसमेंट थोडे वेगळे वागू शकते. काम झाल्यावर टाक्यांवर अंगठा दाबून धरत बॅकिंग हळूच फाडावे, नाहीतर सॅटिनच्या कडा हलतात. मग भरतकाम टॉवेलवर पालथे ठेवून मागून इस्त्री करावी. झूल कापून, अस्तर लावून, कडेने हाताचा काजटाका घालावा आणि चारही कोपऱ्यांना उरलेल्या दोऱ्यांचे गोंडे बांधावेत. पोळ्याच्या दिवसांत पावसाची सर येणारच, म्हणून गोंड्यांचे दोरे पक्क्या रंगाचे आहेत का, हे पांढऱ्या ओल्या कापडावर चोळून आधी पाहून घ्यावे.

मशीनवर चालणारी फाइल आणि इंकस्केपमधली मूळ फाइल या दोन्ही जपून ठेवाव्यात. मुले मोठी होतात तसा बैलही मोठा लागतो. पुढल्या झुलीसाठी मूळ फाइलीतला आकार वाढवावा, सॉफ्टवेअरला टाके नव्याने मोजू द्यावेत, आणि त्रिकोणाचा पाया सात मिलिमीटरच्या पुढे गेला तर तो भाग सॅटिनऐवजी फिलने भरावा.